कार्ल वोझ यांची तीन पानं

१९७७ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोन: इलिनॉय विद्यापीठातले कार्ल वोझ आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले तरुण संशोधक जॉर्ज फॉक्स. पुराव्याचा सारा भार एका कोष्टकावर, आणि कोष्टकात नुसते दशांश अपूर्णांक. त्या अपूर्णांकांच्या बळावर दोघांचं म्हणणं असं होतं की पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचे मूळ वंश दोन नाहीत, तीन आहेत. तिसरा वंश सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होता, फक्त भलत्याच घरात मोजला जात होता.

आज जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘आर्किया’ हा शब्द माहीत असतो. वोझ हे नाव बहुतेकांना माहीत नसतं. आणि तरीही मातीतले, समुद्रातले, आपल्या आतड्यातले सूक्ष्मजीव मोजणारा जवळपास प्रत्येक संशोधक त्यांनीच निवडलेली मोजपट्टी हातात धरून बसलेला असतो. हे कसं झालं ते समजायला त्यांनी नेमकं काय केलं ते पाहावं लागेल. ते जरा किचकट आहे, पण मला तो किचकटपणाच या गोष्टीतला सगळ्यात रंजक भाग वाटतो.

‘नाही’वरून केलेली व्याख्या

शाळेच्या पुस्तकातली पंचसृष्टी आठवत असेल: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. रॉबर्ट व्हिटेकर यांनी ती १९६९ मध्ये मांडली. पण या पाच खणांच्या खाली त्याहून जुनी आणि पक्की समजली जाणारी एक विभागणी होती. ज्या पेशीत केंद्रक आहे त्या दृश्यकेंद्रकी, ज्यांत नाही त्या आदिकेंद्रकी. माणूस, आंबा, बुरशी, अमीबा एका बाजूला आणि झाडून सगळे जीवाणू दुसऱ्या बाजूला.

यातला दुसरा गट कशावरून ठरला? एका अभावावरून. केंद्रक नाही, म्हणून सगळे एक. चाकं नसलेली वाहनं एकाच कारखान्यात बनली असतील असं म्हणून होडी आणि बर्फावरची घसरगाडी एका रांगेत लावावी, तसा हा प्रकार. पण तेव्हाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही. जीवाणूंची नातीगोती शोधायची तरी कशी? हत्ती आणि मॅमथ यांची हाडं शेजारी ठेवता येतात. जीवाणूंकडे असतात तीन-चार आकार: काडी, गोळा, मळसूत्र, स्वल्पविराम. त्या आकारांवरून भाऊबंदकी कळत नाही. रॉजर स्टॅनियर आणि कॉर्नेलिस व्हान नील हे या क्षेत्रातले दोन दिग्गज आयुष्यभर जीवाणूंच्या वंशावळीच्या मागे होते. १९६२ मध्ये त्यांनी ‘जीवाणू म्हणजे काय’ याची नीट व्याख्या केली, पण वंशावळीचा नाद तोवर जवळपास सोडून दिला होता. पुढची पिढी तर तो प्रश्नच विसरली. वर्गीकरण म्हणजे ओळख पटवण्याची सोय, एवढ्यावर काम भागत होतं.

वोझ यांना हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून फिकीर नव्हती. ते मूळचे भौतिकशास्त्राचे. जन्म १९२८, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा. येल विद्यापीठातून जैवभौतिकीत डॉक्टरेट. काही वर्षं जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेत काढून १९६४ मध्ये ते इलिनॉयला आले. डोक्यात विषय होता जनुकीय संकेत: डीएनएतल्या तीन-तीन अक्षरांचा प्रथिनांच्या घटकांशी जो मेळ आहे, तो मुळात जमला कसा? हा इतिहासाचा प्रश्न होता. आणि इतिहास लिहायचा तर आधी वंशावळ हवी. १९६९ मध्ये त्यांनी फ्रान्सिस क्रिक यांना पत्र लिहून हा बेत कळवला: पेशीच्या आतल्या रेणूंमध्येच जीवाश्म शोधायचे.

पाठभेद

रेणूंवरून वंश ओळखण्याची कल्पना वोझ यांची नव्हे. एमिल झुकरकँडल आणि लिनस पॉलिंग यांनी १९६५ मध्ये ती मांडली होती. ती समजून घ्यायला जुन्या हस्तलिखित पोथीचं उदाहरण चांगलं. एका मूळ पोथीच्या नकला होतात, नकलांच्या नकला होतात. प्रत्येक लेखनिक एखादं अक्षर चुकतो. पुढचा लेखनिक ती चूक तशीच उतरवतो आणि वर स्वतःची एक घालतो. शेकडो वर्षांनी दहा प्रती हाती आल्या तर त्यातले पाठभेद ताडून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे सांगता येतं. मूळ पोथी हरवली असली तरी चालतं. जनुकंही पिढ्यान्‌पिढ्या अशीच नकलली जातात आणि त्यांतही चुका राहतात.

पण पोथी कोणती घ्यायची? इथे वोझ यांची निवड अचूक ठरली. पोथी अशी हवी की जी प्रत्येक घरात आहे. जीवाणूत आहे, वडाच्या झाडात आहे, देवमाशात आहे. तिचं काम सगळीकडे तेच हवं, म्हणजे बदल झाले ते काम बदललं म्हणून नव्हे, काळ गेला म्हणून, असं धरता येईल. ती फार भरभर बदलणारी नको. नाहीतर कोट्यवधी वर्षांत सगळंच पुसलं जाईल. आणि तेव्हाच्या साधनांनी ती पेशीतून बाहेर काढता यायला हवी.

असा रेणू रायबोसोममध्ये सापडतो. रायबोसोम हे पेशीतलं प्रथिनं विणायचं यंत्र. ते नसलेली जिवंत पेशी नाही. त्याचे दोन भाग असतात, आणि जीवाणूंमध्ये लहान भागाच्या कण्यासारखा एक आरएनए असतो, त्याला म्हणतात ‘सोळा एस’. (एस म्हणजे स्वेडबर्ग, जोरात फिरवल्यावर रेणू किती वेगाने तळाशी बसतो त्याचं ते माप आहे, बाकी काही गूढ नाही.) लांबी साधारण १,५४० अक्षरं, आणि अक्षरं चारच: ए, सी, जी, यू. दृश्यकेंद्रकी पेशींत त्याचा जोडीदार अठरा एस. शिवाय पेशीतल्या एकूण आरएनएपैकी बराच मोठा हिस्सा रायबोसोमचाच असतो, त्यामुळे माल मिळायला तोटा नाही.

अडचण एकच होती. १९७० च्या आसपास १,५४० अक्षरं सलग वाचण्याची सोय कुणाकडेच नव्हती.

म्हणून वोझ यांनी फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेली एक रीत उचलली. जीवाणू वाढवायचे ते किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या द्रवात, म्हणजे त्यांचा आरएनए किरणोत्सारी होतो. तो काढून घ्यायचा आणि एका विकराने (एन्झाइमने) कापायचा. हे विकर प्रत्येक जी या अक्षरानंतर कापतं, बाकी कुठे नाही. लांबलचक मजकुराचे अशाने लहानलहान शब्द होतात, प्रत्येक शब्दाच्या शेवटी जी. मग विजेच्या दाबाखाली हे तुकडे कागदावर पळवायचे, आधी एका दिशेने, मग काटकोनात दुसऱ्या दिशेने. लहान-मोठे, वेगवेगळ्या घडणीचे तुकडे वेगवेगळ्या जागी थांबतात. वर एक्स-रे फिल्म ठेवायची. किरणोत्सारामुळे फिल्मवर काळे ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे एकेक शब्द. मोठ्या ठिपक्यांतले तुकडे पुन्हा दुसऱ्या विकरांनी कापून त्यांचं स्पेलिंग ठरवायचं.

शेवटी हाती येते एक यादी: या जीवाच्या सोळा एसमध्ये अमुक अमुक शब्द आहेत. कोणत्या क्रमाने ते कळत नाही. म्हणजे पोथी फाडून तिच्यातल्या शब्दांचा ढीग तेवढा जमवायचा, वाक्यं गेली. पण नात्याचा अंदाज यायला ढीगही पुरतो. दोन याद्या शेजारी ठेवायच्या, सहा किंवा त्याहून जास्त अक्षरांचेच शब्द घ्यायचे (आखूड शब्द योगायोगानेही जुळतात), आणि समाईक किती ते मोजायचं. समजा दोन्ही याद्यांत अशा लांब शब्दांची मिळून दोनदोनशे अक्षरं आहेत आणि त्यातली चाळीस समाईक; तर साम्यांक ०.२. सगळीच समाईक असती तर १.

सांगायला हे सोपं आहे. करायला महिनोन्‌महिने जात. सुरुवातीचा सगळा संच मिचेल सोगिन या विद्यार्थ्याने उभा केला, लिंडा बोनेन आणि लिंडा मॅग्रम यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ठिपके काढण्या-वाचण्याचं जिकिरीचं काम केलं. आणि वोझ स्वतः दिवाळीच्या कंदिलासारख्या आतून उजळलेल्या टेबलावर फिल्म लावून दिवसचे दिवस ठिपके बघत बसत. वर्षानुवर्षं. या कामात त्यांच्याइतकी सराईत नजर जगात फार तर दोन-चार जणांची असेल. हे त्यांचं बळ होतं, आणि पुढे तीच अडचणही झाली.

ठिपके जुळेनात

त्याच विद्यापीठात राल्फ वुल्फ मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम करत. हे जीव ऑक्सिजनच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. दलदलीच्या गाळात, गाईच्या पोटात, मैलापाण्याच्या टाक्यांत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर गुजराण करतात. त्यांना प्रयोगशाळेत वाढवणं हीच मुळात कसरत. वुल्फ यांचा विद्यार्थी विल्यम बाल्च याने बंद बाटल्यांत दाबाखाली ते वाढवायची रीत बसवली, आणि मगच किरणोत्सारी फॉस्फरसचा प्रयोग शक्य झाला.

१९७६ च्या जूनमध्ये पहिल्या मिथेनकारी जीवाची फिल्म टेबलावर आली. सगळ्या जीवाणूंत हमखास दिसणारे काही ठिपके असतात. वोझ त्यांना नजरेनेच ओळखत. ते इथे नव्हते. भलतेच ठिपके होते. चुकून दुसऱ्या कशाचा आरएनए आला असेल म्हणून प्रयोग पुन्हा केला. तेच. मग आणखी मिथेनकारी जीव घेतले. तेच. हे जीवाणूच नव्हेत, असं वोझ यांनी वुल्फ यांना जाऊन सांगितलं. वुल्फ यांनी अर्थातच म्हटलं की दिसतात तर जीवाणूंसारखेच.

साम्यांक काढल्यावर चित्र स्पष्ट झालं. मिथेनकारी जीव आपसात बऱ्यापैकी जुळत होते. जीवाणूही आपसात जुळत होते. पण मिथेनकारी आणि जीवाणू यांच्यातला आकडा ०.१ च्या आसपास घुटमळत होता. म्हणजे जीवाणू आणि यीस्ट यांच्यात जेवढं अंतर, साधारण तेवढंच. केंद्रक नसलेल्या पेशी म्हणून ज्यांना एका घरात कोंबलं होतं, ते दोन गट एकमेकांपासून इतके लांब होते. तीन पानांच्या निबंधात सांगितलं ते एवढंच. नव्या गटाला त्यांनी नाव दिलं आर्किबॅक्टेरिया.

मग जे झालं ते वोझ यांच्या पथ्यावर पडलं नाही. संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थांनी प्रसिद्धिपत्रक काढलं आणि ३ नोव्हेंबर १९७७ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. वर्तमानपत्रातून गाजावाजा करणारा शास्त्रज्ञ म्हणजे उथळ, असं मानणारे तेव्हा पुष्कळ होते. नोबेलविजेते साल्व्हादोर लुरिया यांनी वुल्फ यांना फोन करून या वेडेपणापासून लांब राहायला सांगितलं, नाहीतर कारकीर्द बुडेल म्हणाले. ही आठवण वुल्फ यांनीच पुढे लिहून ठेवली आहे.

विरोधकांना मी मूर्ख म्हणणार नाही. ठिपके वाचून निष्कर्ष काढणारे लोक मोजके. बाकीच्यांना ते पडताळून पाहायची सोयच नाही. वोझ परिषदांना फारसे जात नसत, भाषणं देऊन लोकांना वश करणं त्यांना जमत नसे. आणि एका रेणूतल्या शब्दांच्या ढिगावरून अख्ख्या जीवसृष्टीचा नकाशा बदला, असं कुणी म्हटलं तर शंका येणं स्वाभाविक होतं.

शंका फिटली ती दुसऱ्याच वाटांनी. जर्मनीत म्युनिकमध्ये ओटो कँडलर पेशीभित्तिका तपासत होते. जीवाणूंच्या भिंतीत जे ठरावीक द्रव्य असतं ते मिथेनकारी जीवांत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. वोल्फ्राम झिलिग यांना दिसलं की डीएनएवरून आरएनए उतरवणारं या जीवांचं विकर जीवाणूंपेक्षा आपल्या पेशींतल्या विकरासारखं आहे. पेशीपटलातले मेदही वेगळे: जीवाणूंत आणि आपल्यात ते एका प्रकारच्या रासायनिक दुव्याने जोडलेले, यांच्यात दुसऱ्याच. अतिखारट पाण्यात आणि उकळत्या गंधकी झऱ्यांत राहणारे काही विचित्र जीवाणू आधीपासून माहीत होते, तेही तपासल्यावर याच गटात निघाले. भिंत, पटल, विकर आणि रायबोसोम हे चार साक्षीदार स्वतंत्रपणे तेच सांगू लागल्यावर खटला हळूहळू फिरला.

१९९० मध्ये वोझ, कँडलर आणि मार्क व्हीलिस यांनी तीन मूळ शाखांना ‘डोमेन’ असा दर्जा सुचवला: बॅक्टेरिया, आर्किया, युकॅरिया (म्हणजे दृश्यकेंद्रकी). ‘आर्किबॅक्टेरिया’तलं बॅक्टेरिया त्यांनी मुद्दाम खोडलं, कारण गोंधळाचं मूळ त्या शब्दातच होतं. मराठीत मात्र आपण अजून ‘आदिजीवाणू’ लिहितो. त्या शब्दाचे दोन्ही भाग चुकलेले आहेत: ते जीवाणू नव्हेत, आणि जीवाणूंपेक्षा जास्त ‘आदि’ही नव्हेत. १९९० च्या त्या निबंधातल्या वंशवृक्षात तर ते आपल्याच जास्त जवळचे दाखवले होते. मी तरी आर्कियाच म्हणतो.

नव्वदी ओलांडलेले अर्न्स्ट मायर, उत्क्रांतिशास्त्रातलं एक थोर नाव, १९९८ मध्येही मान्य करायला तयार नव्हते. केंद्रक असणं-नसणं हाच सृष्टीतला सगळ्यात मोठा भेद, आर्किया आणि जीवाणू दिसायला-वागायला सारखेच, मग दोन साम्राज्यं पुरेत, असा त्यांचा युक्तिवाद. वोझ यांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. दोघांचे निबंध लागोपाठ वाचले की जाणवतं, भांडण आकड्यांवरून नव्हतंच. वर्गीकरण म्हणजे आजचं साम्य नोंदवणं की कालची वाट शोधणं, हा वाद होता.

मोजपट्टी हातोहाती

एखाद्या संशोधनाचा ‘प्रभाव’ म्हटलं की आपल्याला वाटतं, लोकांनी ते मान्य केलं. विद्येच्या जगात खरा प्रभाव वेगळा असतो. लोक त्या कामाचं अवजार करून स्वतःचं काम काढू लागतात. वोझ यांच्या बाबतीत हे किमान तीन दिशांना झालं.

सर्वांत कमी बोललं जाणारं आधी सांगतो, कारण ते मला फार आवडतं. रायबोसोममधला आरएनए सरळ दोऱ्यासारखा नसतो, स्वतःवरच दुमडून त्याच्या गाठी, वळसे होतात. दुमडताना ए समोर यू, सी समोर जी अशा जोड्या लागतात. कुठलं अक्षर कुठल्या अक्षराला भेटतं हे कसं ओळखायचं? हॅरी नोलर आणि वोझ यांनी वेगवेगळ्या जीवांचे सोळा एस शेजारी मांडले. एखाद्या जीवात एका जागी सी बदलून ए झाला आहे, आणि नेमका त्याच जीवात दूरवरच्या दुसऱ्या जागी जी बदलून यू झाला आहे. असं पुन्हा पुन्हा दिसलं तर त्या दोन जागा एकमेकींना धरून असणार. कवितेत एका ओळीचा शेवटचा शब्द बदलला की यमक साधायला दुसऱ्या ओळीचाही बदलावा लागतो, तसंच. या ‘यमकां’वरून त्यांनी आणि रॉबिन गटेल वगैरे सहकाऱ्यांनी रायबोसोमच्या आरएनएचा जोडीनकाशा कागदावर काढला. २००० मध्ये रायबोसोमची स्फटिकरचना प्रत्यक्ष हाती आली, जिच्यासाठी वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना २००९ चं नोबेल मिळालं. ताडून पाहिलं तर कागदावरच्या जोड्यांपैकी सुमारे ९७ टक्के बरोबर होत्या.

दुसरी दिशा सूक्ष्मजीवशास्त्राचा चेहराच बदलणारी. जीवाणू अभ्यासायचा म्हणजे आधी तो बशीत वाढवायचा, अशी शंभर वर्षांची रीत होती. पण मातीचा किंवा समुद्राच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर जितके जीव दिसतात, त्यातला एक टक्काही बहुधा बशीत उगवत नाही. उरलेले कोण? नॉर्मन पेस यांनी १९८० च्या दशकात विचार केला की वाढवायचंच कशाला. नमुन्यातला सगळा डीएनए काढा, त्यातलं सोळा एसचं जनुक तेवढं वाचा, आणि वोझ यांच्या झाडावर ते कुठे बसतं ते पाहा. जीव हाती न येता त्याचं आडनाव कळतं.

याचा परिणाम धरण फुटावं तसा झाला. १९९० मध्ये स्टीव्हन जिओव्हानोनी यांना सारगॅसो समुद्रात असा एक जीवाणूगट सापडला जो कुणी कधी वाढवलाच नव्हता. आज तो महासागरांतल्या सर्वांत विपुल जीवांपैकी एक मानला जातो, आणि बाटलीत वाढवायला २००२ साल उजाडावं लागलं. १९९२ मध्ये एडवर्ड डिलाँग यांना किनाऱ्याजवळच्या साध्या, थंड समुद्राच्या पाण्यात आर्किया मिळाले. तोवर समज होता की हे फक्त उकळत्या, खारट नाहीतर ऑक्सिजन नसलेल्या नरकात राहतात. १९८७ च्या आढाव्यात वोझ यांनी जीवाणूंचे डझनभर मोठे गट मांडले होते. आज असे गट शंभराच्या वर गेले आहेत. जीवाणूंच्या ओळखीचा प्रमाणग्रंथ मानला जाणारा बर्गीचा मॅन्युअल, त्याची दुसरी आवृत्तीच सोळा एसच्या वंशावळीवर रचली गेली. वैद्यकातही हेच. व्हिपल यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेल्या एका आजारात आतड्याच्या पेशींत जीवाणू दिसत, पण वाढवता येत नसत. १९९२ मध्ये डेव्हिड रेलमन आणि सहकाऱ्यांनी सोळा एस वाचून तो कोण ते सांगितलं. आतड्यातल्या सूक्ष्मजीवांवरचे जे लेख आज रोज वाचायला मिळतात, त्यातले कितीतरी याच जनुकाच्या मोजणीवर उभे आहेत.

तिसरी दिशा आपल्याच पेशीच्या पोटातली. हरितलवके आणि तंतुकणिका हे एकेकाळचे स्वतंत्र जीवाणू, ही कल्पना लिन मार्गुलिस यांनी हिरिरीने मांडली होती. त्यांच्यातल्या रायबोसोमचा आरएनए वाचल्यावर ती कल्पना राहिली नाही, पुरावा झाली: हरितलवकं सायनोबॅक्टेरियांची नातेवाईक निघाली, आणि १९८५ मध्ये वोझ यांच्या गटाने तंतुकणिकांचं माहेर जीवाणूंच्या एका ठरावीक शाखेत शोधून काढलं.

या मोजपट्टीला खोट नाही असं मात्र नव्हे. काही जीवाणूंत सोळा एसचं जनुक एकदाच असतं, ई. कोलायमध्ये सात वेळा. त्यामुळे नमुन्यात जनुकं मोजून ‘हा इतके टक्के, तो तितके’ म्हणणं फसवं ठरू शकतं. जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या काढता येत नाहीत. जनुक पकडायला डीएनएचे जे छोटे तुकडे गळासारखे वापरतात ते सार्वत्रिक म्हणवतात, पण सगळ्यांना लागत नाहीत. २०१५ मध्ये जिलियन बॅनफिल्ड यांच्या गटाने दाखवलं की जीवाणूंची एक भलीमोठी फांदी तेवढ्यामुळेच बरीचशी नजरेआड राहिली होती. शिवाय जीवाणू शेजाऱ्याकडून जनुकं उसनी घेतात, म्हणजे एका जनुकाचं झाड हे अख्ख्या जीवाचं झाड असेलच असं नाही. वोझ यांनाही हे ठाऊक होतं. अगदी सुरुवातीच्या काळात वंशवृक्षच नव्हता, उसनवारीचं सामायिक जाळं होतं, असं ते १९९८ पासून लिहीत होते आणि नंतर भौतिकशास्त्रज्ञ नायजेल गोल्डनफेल्ड यांच्याबरोबर त्याची गणितं मांडत होते.

नाव कुठे गेलं?

शोधनिबंधाचा प्रभाव मोजायची रूढ रीत म्हणजे उद्धरणं: पुढच्या किती निबंधांनी त्याचा संदर्भ दिला. यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात अशी सूची सुरू केली. या रीतीचा एक गमतीदार परिणाम आहे. विज्ञानाच्या इतिहासात सगळ्यात जास्त उद्धृत झालेला निबंध प्रथिनं मोजण्याच्या एका रीतीचा आहे, ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा. त्याची उद्धरणं तीन लाखांच्या वर. २०१४ मध्ये ‘नेचर’ने पहिल्या शंभरांची यादी केली तेव्हा डीएनएच्या दुहेरी मळसूत्राचा निबंध तीत नव्हताच. वंशवृक्ष काढायच्या संगणकी रीती मात्र होत्या.

रीत वापरली की तिचा संदर्भ द्यावा लागतो. कल्पना सगळ्यांच्या अंगात भिनली की संदर्भ द्यायची गरज कुणाला वाटत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं लिहिताना कोपर्निकसला कोण उद्धृत करतो? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नावच दिलं होतं. मराठीत त्याला ‘पचून पुसलं जाणं’ म्हणता येईल. वोझ यांचं तसंच झालं. आजचा निबंध यंत्राची कंपनी, संगणकी आज्ञावली आणि विदासंच यांचे संदर्भ देतो. हेच जनुक का, याचा नाही. ते आता गृहीत आहे.

मानसन्मान मिळाले, उशिरा का होईना. नेदरलँड्सच्या अकादमीचं लेव्हेनहुक पदक १९९२ मध्ये, जे साधारण दहा वर्षांतून एकदाच देतात. स्वीडनच्या विज्ञान अकादमीचा क्राफर्ड पुरस्कार २००३ मध्ये. नोबेल नाही, जीवसृष्टीच्या वंशावळीला नोबेलमध्ये खणच नाही. ३० डिसेंबर २०१२ रोजी ते वारले.

आणि झाड अजून हलतं आहे. २०१५ मध्ये थिस ऑटेमा यांच्या गटाने ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधल्या समुद्रतळाच्या गाळातून काही आर्कियांचे जनुकसंच जुळवले. त्यांत अशी जनुकं निघाली जी तोवर केवळ दृश्यकेंद्रकी पेशींची मिरास समजली जात. पुष्कळ संशोधक आता म्हणतात की युकॅरिया ही वेगळी तिसरी शाखा नाहीच. ती आर्कियांच्या आतून फुटली, म्हणजे मूळ वंश दोनच, जीवाणू आणि आर्किया. आपण आर्कियांपैकी. जेम्स लेक यांनी १९८४ मध्येच साधारण असं सुचवलं होतं, आणि वोझ यांचं त्यांच्याशी जुंपलं होतं. तसं ठरलं तर वोझ यांचे ‘तीन’ जातील, पण आर्किया वेगळे ही त्यांची गोष्ट आणखी पक्की होईल.

२०२० मध्ये जपानी संशोधकांनी समुद्रतळाच्या गाळातल्या त्या आर्कियांच्या गटातला पहिला जीव बाटलीत वाढवल्याचं जाहीर केलं. त्यासाठी बारा वर्षं लागली. तो दोनाचे चार व्हायला दोन-तीन आठवडे घेतो, एकटा राहत नाही, आणि द्रव गढूळही करत नाही, त्यामुळे नुसतं बघून बाटलीत काही आहे की नाही हे कळत नाही. बाटलीत तोच वाढतो आहे हे त्यांना कळलं ते रायबोसोमच्या त्याच आरएनएचं जनुक वाचून.